ती रेघ आमची आहे

मी जिवाणू बोलतोय. लगेच हात पुसायला जाऊ नका, मी काचेच्या बशीत आहे आणि बशीला झाकण आहे. मला तोंड नाही, कान नाहीत, डोळे तर नाहीतच. मग मी पाहिलं कसं नि ऐकलं कसं, असं तुमच्यातलं कोणीतरी विचारणारच. जुनी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते, तेव्हा तुम्ही मान डोलावून ऐकता. माझ्याच वेळी बरी शंका सुचते!

आज मला सरळ भांडायचंच आहे. या इस्पितळात आमच्या घराण्याविषयी धादांत खोटं लिहिलं गेलं, त्यावर सही झाली, आणि त्या खोट्यापायी एका नर्सची नोकरी जायची वेळ आली. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांचं म्हणणं धड ऐकून घ्यावं, एवढंही कोणाला सुचलं नाही.

आणखी एक. मी 'मी' म्हणतो ते बोलायच्या सोयीसाठी. आमच्यात एकाचे दोन आणि दोनाचे चार व्हायला फार वेळ लागत नाही. मधून दुभंगलं की दोन्ही अर्धे मीच. तेव्हा मी 'मी' म्हणालो की अख्खी भावकी समजा.

माझा जन्म सुतारआजोबांच्या आतड्यात झाला. आजोबा जुने सुतार, हाडापेरानं काटक. त्यांच्या पोटात आम्ही कित्येक पिढ्या राहत होतो, इतर शेकडो कुळांच्या गर्दीत अंग चोरून, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आजोबांना आमचा पत्ताही नव्हता. मग एक दिवस शिडीवरून त्यांचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. उठता येईना म्हणून लघवीसाठी त्यांना रबरी नळी घातली. नळीचं एक टोक आत, दुसरं खाटेला लटकवलेल्या पिशवीत.

तुमच्या लेखी ती नळी. आमच्या लेखी ती जमीन, ओली, उबदार आणि कोणाचीच मालकी नसलेली. अशी जमीन दिसल्यावर तुम्ही काय केलं असतं? तुम्ही तर रिकाम्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरता. आम्ही निदान चालत गेलो.

आमचं चालणं एकदा नीट ऐका, कारण पुढची सगळी भानगड त्यावर आहे. पाण्यात असतो तेव्हा मी आखूड कांडीसारखा असतो, चार-दोन शेपट्या हलवत एकटाच भटकतो. घट्ट पृष्ठभागाला लागलो की माझ्या अंगात येतं. मी लांबच लांब होतो, अंगभर शेपट्या फुटतात, शेजारच्या भावाला अंग चिकटवतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि बुळबुळीत पाणी सोडत आमचा तांडा निघतो. थोडं पुढं गेलं की थांबायचं, आखूड व्हायचं, संख्या वाढवायची, दम आला की पुन्हा निघायचं. सपाट जागेवर या वाटचालीची वलयं उमटतात, आजोबांच्या फळीवर झाडाची दिसायची तशी.

वाटेत इतर भेटतात. काही टिकलीएवढी वस्ती करून एकाच जागी बसून राहणारे. ते जागे होईपर्यंत आम्ही चारी बाजूंनी जमीन धरलेली असते. मग त्यांनी बसावं आपल्या टिकलीत. खरा प्रसंग येतो तो आमच्यासारखाच चालणारा समोरून आला की. अंगाला अंग लागतं आणि दोघंही एकमेकांना टोचतात. हो, टोचतात. आमच्यापाशी बारीक विषारी सुया असतात. समोरचा घरचा असेल तर त्याच्याकडे त्या विषाचा उतारा असतो. त्याला काही होत नाही आणि दोन्ही तांडे मिसळून एक होतात. परका असेल तर तो मरतो, आणि त्याची सुई लागली तर आपण मरतो. दोन्हीकडचे पडतात, दोन्ही तांडे जागच्या जागी थांबतात, आणि मध्ये एक बारीक मोकळी रेघ उरते. ती आमची हद्द. तिच्यासाठी आम्हाला मोजणीवाला लागत नाही की वकील लागत नाही.

इस्पितळाच्या लॅबमधल्या डॉक्टरबाई आम्हाला प्रोटियस म्हणतात. ते आमचं आडनाव समजा. तुमच्या गल्लीत एकाच आडनावाची किती घरं असतील, ती सगळी एका ताटात जेवतात का? एवढी साधी गोष्ट ज्या माणसांना आपल्या बाबतीत कळते, ती आमच्या बाबतीत कळू नये, याचा मला संताप येतो.

आजोबांना आमच्यामुळे ताप आला. आला तो आला, मी नाकारत नाही. समोरच्या खाटेवर ड्रायव्हरकाका होते. जन्मभर बस चालवून त्यांच्या पाठीच्या मणक्यांनी दावा मांडला होता, त्यांचंही ऑपरेशन झालेलं, त्यांनाही नळी होती. आजोबांच्या मागोमाग त्यांनाही ताप चढला. हुडहुडी भरली, बीपी खाली गेलं आणि त्यांना घाईघाईनं वेगळ्या खोलीत हलवावं लागलं. दोघांची लघवी तपासायला गेली, आणि दोन्ही कागदांवर एकच आडनाव आलं.

झालं! काकांच्या मुलीनं वॉर्डाच्या दारातच आवाज चढवला.

"माझे बाबा पाठ दुखते म्हणून आले होते, ताप घेऊन नव्हते आले! त्या आजोबांची पिशवी रिकामी केली, आणि तेच हात माझ्या बाबांना लावले. त्या संध्याकाळी अख्ख्या वॉर्डात एकच सिस्टर होत्या, मी डोळ्यांनी बघितलंय."

मुलीचा राग मला कळतो. आत बाप गळाठलेला, बाहेर कोणी धड बोलत नाही, तिनं आणखी काय करायचं? चीड येते ती पुढच्या लोकांची.

ज्यांच्यावर खापर फुटलं त्या सिस्टर म्हणजे अंबाड्यात पेन खोचून वॉर्डभर धावणारी बाई. हात इतके धुवायच्या की बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या. आजोबांशी त्या लाकडाच्या गप्पा मारायच्या, काकांना कुशीवर वळवताना म्हणायच्या, "काका, गाडी जरा रिव्हर्स घ्या बघू." मेट्रनबाईंनी त्यांना बोलावून सांगितलं, "चौकशी होईपर्यंत वॉर्डात पाऊल टाकायचं नाही." आणि स्टोअरमध्ये कापडी गॉजच्या घड्या घालायला बसवलं. चौकशीत दोष सिद्ध झाला तर घरी.

सिस्टर भांडल्या नाहीत. त्या लॅबच्या खिडकीशी आल्या आणि डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "मॅडम, माझ्या हातून झालंय का, एवढं मला सांगाल? नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. पण हे कळल्याशिवाय मला झोप लागायची नाही."

डॉक्टरबाई विचारात पडल्या. "एक करता येईल," त्या म्हणाल्या. "दोघांचे जिवाणू एकाच बशीत समोरासमोर सोडू. एका घरचे असतील तर मिसळतील, परके असतील तर मध्ये रेघ ठेवतील. रेघ आली, तर काकांचा आजार आजोबांकडून आलेला नाही."

मी मनात म्हटलं, चला! शेवटी या इमारतीत कोणीतरी शहाणं निघालं. आम्हालाच विचारताहेत. आम्ही जीव देऊन उत्तर देऊ.

पण बशी लावायचं काम गेलं टेक्निशियनकडे. लॅबमध्ये त्यांना सगळे घाईबुवा म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. घाईबुवांनी बशीत खळ ओतली, म्हणजे आमची जमीन. ती जरा कोमट असतानाच झाकण लावलं. मग एका बाजूला आमचा थेंब, दुसऱ्या बाजूला काकांकडच्यांचा. इथवर ठीक. खुणेची अक्षरं बशीच्या बुडावर लिहायची असतात. घाईबुवांनी ती लिहिली झाकणावर. आणि झाकणावर लिहिलं म्हणून, वरून वाचता यावं म्हणून, बशी सुलटीच उबदार पेटीत ठेवली.

तुम्ही म्हणाल, सुलटी ठेवली तर काय बिघडलं? अहो, सगळंच बिघडलं! बशी पालथी ठेवतात, कारण कोमट खळीची वाफ झाकणाला धरते. पालथी असली की थेंब झाकणातच राहतात. सुलटी असली की ते वरून आमच्या डोक्यावर पडतात. आम्ही वलयामागून वलय टाकत पुढं येत होतो, समोरून तेही येत होते, हद्दीवर पहिली टोचाटोची सुरू झाली, आणि वरून बदाबदा पाणी कोसळलं. आमचे तिकडे वाहून गेले, त्यांचे इकडे आले. मेलेले, जिवंत, आपले, परके, सगळ्यांचा एकच राडा झाला. हद्द धुऊन गेली.

पेटी उघडली तेव्हा घाईबुवांनी बशी उचलून उजेडाकडे धरली. "मॅडम, रेघ नाही. सगळं मिसळलंय."

डॉक्टरबाईंच्या कानाला फोन होता. त्यांनी लांबूनच पाहिलं, मान हलवली आणि कागदावर सही केली. कागदावर लिहिलं होतं: दोन्ही रुग्णांचे जिवाणू एकाच घराण्याचे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकाच घराण्याचे? आम्ही आणि ते? ज्यांच्याशी लढताना आमची पुढची फळीच्या फळी कापली गेली, त्यांच्या गळ्यात गळे घातले म्हणता? मिसळलो नाही हो आम्ही, बुडालो! पुरात वाहून आलेल्या दोन घरांची भांडी एका जागी सापडली तर तुम्ही त्यांना सख्खे भाऊ म्हणाल का? मी ओरडत होतो. पण आमचं ओरडणं म्हणजे एक उग्र कुबट वास, आणि त्याला घाईबुवा नाक मुरडून म्हणाले, "घाण मारायला लागली, टाकून देऊ का?"

टाकून दिली असती तर सगळंच संपलं असतं. तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला आणि खिडकीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मला तर वाटतं रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडम, ती बशी मी एकदा बघू?"

"बघून काय करणार, सिस्टर?"

"माझ्या हातून झालंय ना, मग बघते."

डॉक्टरबाईंना वाईट वाटलं असावं. त्यांनी हातमोजे चढवले, स्वतः बशी उचलली, सिस्टरना नीट दिसावं म्हणून तिरकी केली. तशी झाकणाच्या कडेनं पाण्याची धार सुटली आणि त्यांच्या मनगटावरून खाली ओघळली. डॉक्टरबाई थबकल्या. त्यांनी झाकणावरची अक्षरं पाहिली. मग बूड पाहिलं, ते कोरं.

"बशी कशी ठेवली होती?"

"कशी म्हणजे? पेटीत," घाईबुवा म्हणाले.

"पालथी की सुलटी?"

घाईबुवांनी मान खाजवली. "सुलटी. नाव वर होतं ना, मॅडम. वाचायला सोपं जावं म्हणून..."

"वाचायला सोपं जावं म्हणून!" डॉक्टरबाई कडाडल्या, आणि मग एकदम खाली बसल्या. "आणि मी? मी फोनवर बोलत बोलत सही केली." त्यांनी तो कागद ओढून घेतला आणि त्यावर काट मारली. त्या वेळी मला त्या बाईंचा पहिल्यांदा आदर वाटला, तोही थोडाच.

दुसऱ्यांदा बशी त्यांनी स्वतः लावली. खळ पूर्ण थंड होऊ दिली, झाकण कलतं ठेवून वरची ओल सुकवली, बुडावर लिहिलं. या वेळी तीन थेंब होते, दोन आमचे आणि एक त्यांचा. "आजोबांचे आजोबांशी मिसळले पाहिजेत," त्या घाईबुवांना म्हणाल्या, "तरच रेघेला अर्थ." आणि बशी पालथी ठेवली.

आता छपराला लटकून चालायचं होतं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आम्ही निघालो, थांबलो, वाढलो, निघालो. एका बाजूनं आमचाच दुसरा तांडा आला. सुया टोचल्या, काही झालं नाही. अरे, हा तर मीच! क्षणात आम्ही एक झालो, मध्ये शिवणही राहिली नाही. दुसऱ्या बाजूनं ते आले. त्यांनाही वलयं, त्यांच्याही अंगावर शेपट्या, दिसायला हुबेहूब. आणि टोचल्याबरोबर माझा पुढचा भाऊ फुटला. त्याच्या मागचा फुटला. त्यांचेही फुटत होते. कोणी मागं वळलं नाही, कारण मागं वळणं आम्हाला येतच नाही. शेवटी दोन्ही बाजू थांबल्या.

पेटी उघडली. डॉक्टरबाईंनी बशी उजेडात धरली. या वेळी फोन टेबलावर पालथा पडला होता. आमच्या दोन तांड्यांमध्ये काही नव्हतं. आमच्या आणि त्यांच्यामध्ये मात्र नखानं ओढावी तशी स्वच्छ रेघ होती.

त्यांनी सिस्टरना बोलावून घेतलं. "ही बघा. काकांचे जिवाणू वेगळ्याच घरचे, बहुतेक काकांच्याच पोटातले. आजोबांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तुमचे हात सुटले, सिस्टर. चौकशीत मी स्वतः बोलते."

सिस्टर बशीकडे बघत राहिल्या. घाईबुवा हसले, म्हणाले, "आता तरी हसा!"

"मॅडम, एक सांगू?" सिस्टर म्हणाल्या. "मला अजूनही आठवत नाही."

"काय आठवत नाही?"

"त्या संध्याकाळी मोजे बदलले की नाही. आजोबांची पिशवी रिकामी करत होते, तेवढ्यात काका कळवळून ओरडले. नळी अंगाखाली दबली होती. मी पळाले. मध्ये मोजे काढले का, ते काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही."

"अहो, रेघ आली ना! सुटलात," घाईबुवा म्हणाले. "कशाला उगाच उकरून काढताय?"

"रेघ आली म्हणून मी मोजे बदलले असं होत नाही ना, भाऊ. हे मी चौकशीतही सांगणार आहे."

डॉक्टरबाईंनी बशी हळूच खाली ठेवली.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. मोजे बदलले नव्हते. मी तिथं होतो, पिशवीच्या तोटीवर. आमचे बरेच जण त्या मोज्यांना चिकटले आणि सिस्टरबरोबर काकांच्या खाटेकडे गेले. बदलायचे तर नवे मोजे होते कुठं? मोज्यांचं खोकं मेट्रनबाईंच्या कपाटात, कपाट वॉर्डाच्या पार टोकाला, त्याला कुलूप, आणि किल्ली मेट्रनबाईंबरोबर घरी गेलेली. "मोजे ऊठसूट वापरायची वस्तू नाही," असं त्या ऊठसूट म्हणायच्या. आणि इकडे माणूस कळवळत होता.

गेलेल्यांपैकी परत कोणी आलं नाही. काय झालं असेल ते तेव्हा मला कळलं नव्हतं. या बशीवर ती रेघ पडलेली पाहिली तेव्हा कळलं. काकांच्या नळीवर आधीच त्यांची वस्ती होती. आमचे तिथं उतरले ते थेट त्यांच्या सुयांवर. मूठभर आमचे, समोर त्यांचं अख्खं घराणं. म्हणजे बघा, तुम्ही इतके दिवस आम्हाला ज्या मुलुखाचे लुटारू म्हणून शिव्या देत होता, त्या मुलुखात आमच्यातला एकही वाचला नव्हता. सिस्टर सुटल्या त्या माणसांच्या शहाणपणानं नव्हे. दोन परकी घराणी आपापली हद्द सोडायला तयार नव्हती, म्हणून सुटल्या. नळी मोकळी असती तर मीच तिथं घर केलं असतं, आणि मग बशी पालथी ठेवून काही उपयोग झाला नसता.

चौकशी झाली. बशी टेबलावर ठेवायची म्हणून मला फ्रीजमध्ये कुडकुडत ठेवलं होतं. सिस्टरनी मोज्यांचं सगळं सांगितलं. त्यांना लेखी समज मिळाली आणि वॉर्ड परत मिळाला. कपाटाच्या किल्लीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काकांचा ताप उतरतोय. त्यांच्या मुलीला सिस्टरनी स्वतः जाऊन मोज्यांची गोष्ट सांगितली, म्हणे. मुलगी म्हणाली, "बाबा आज चहा मागत होते. देऊ का?" हे सगळं मला घाईबुवांच्या बडबडीतून कळलं.

आज माझा शेवटचा दिवस. बशीचा फोटो काढून झाला. आता मला वाफेच्या डब्यात घालतील, झाकण आवळतील आणि या बशीतला एकही उरणार नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती तुमची हद्द आहे. पण डब्यावर 'घाण' असं लिहिलंय, ते मात्र झोंबतं. त्या रेघेवर पडलेले आमचे होते.

मघाशी सिस्टर खिडकीशी आल्या होत्या. आजोबांच्या लघवीची बाटली तपासायला ठेवली, मोजे काढून टाकले, गेल्या. थोड्या वेळानं नवे मोजे घालून काकांची बाटली घेऊन आल्या.

"दोन्ही एकदम आणायच्या ना," घाईबुवा म्हणाले. "दोन खेपा कशाला?"

"पुन्हा कधी आठवत बसावं लागू नये म्हणून," सिस्टर म्हणाल्या. "आणि भाऊ, तुमच्याकडं जास्तीचे मोजे आहेत का? आमच्याकडं हे शेवटचे होते. कपाट बंद आहे."

घाईबुवांनी आपलं खोकं उचलून त्यांच्या हातात दिलं. मग नवी बशी घेतली, तिच्या बुडावर नाव लिहिलं, ती पालथी ठेवली, आणि मला उचललं.

डब्याचं झाकण लागायच्या आत एवढंच सांगतो. मी तुमचा शत्रू आहे. माझं सगळं भलं त्या कुलपात आहे. तरीही सांगतो, ते कपाट फोडा आणि मोज्यांचं एकेक खोकं प्रत्येक खाटेच्या पायाशी ठेवा. पुढच्या वेळी समोरच्या खाटेवर आमची वाट अडवायला कोणी असेलच, असं नाही.